मनीचं हृदय: सव्वा वर्ष उशिरा मोजलेला रक्तदाब

रुग्ण: मांजर, देशी, मादी, नसबंदी झालेली. वय 13, वजन 3.6 किलो. तक्रार: दोन दिवसांपासून दिसत नाही.

केसपेपरावर एवढंच लिहिलं. मनीच्या मालकीणबाई, काकू, यांनी सांगितलं ते जास्त नेमकं होतं. "तिले काई दिसत नई हो डॉक्टर. काल भीतीले धडकली, आज दुधाच्या ताटलीत पाय ठेवला." टोपलीतून बाहेर काढलेली मनी टेबलावर दबकून बसली होती, मिशा पुढे काढून टेबलाची कड चाचपत. दोन्ही बाहुल्या पूर्ण उघड्या, काळ्याभोर. टॉर्च मारला तरी आकसल्या नाहीत. भिंगाच्या मागे, नुसत्या डोळ्याला दिसेल असा, करड्या रंगाचा पातळ पडदा हलत होता आणि त्यावर रक्तवाहिन्यांच्या रेघा होत्या. तो दृष्टिपटल. तो डोळ्याच्या मागच्या भिंतीला चिकटलेला असायला हवा. इथे तो सुटून पुढे आला होता, दोन्ही डोळ्यांत.

म्हाताऱ्या मांजराचे दोन्ही पडदे एका दमात सुटले की कारण बहुतेक वेळा एकच असतं: रक्तदाब. पडद्यामागच्या बारीक रोहिण्या दाब सोसेनाशा झाल्या की पाझरतात आणि पाणी साचून पडदा उचलला जातो. मांजराला डोकं दुखतं, गरगरतं, छातीत धडधडतं हे सांगता येत नाही. त्यामुळे डोळे जाईपर्यंत घरच्यांना पत्ता नसतो. डॉक्टरलाही नसतो, जर त्याने मोजलाच नसेल तर.

मी मोजला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्याचसाठी. डिसेंबर 2021 मध्ये मनी दातांसाठी माझ्याकडे आली होती. स्टेथोस्कोप लावल्यावर दोन ठोक्यांच्या जोडीला तिसरा आवाज ऐकू आला, घोडा दुडक्या चालीने जावा तसा. ताठरलेल्या निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, रक्त शिरताना असा आवाज येतो, हे मला कॉलेजपासून माहीत होतं. काकूंच्या यजमानांना, म्हणजे सरांना, मी सांगितलं, "वय झालंय, हृदय थोडं जाड झालं असेल." दात काढले, औषध दिलं, विषय संपला. जळगावात आमचा बराचसा दिवस म्हशी, गायी आणि बैलांत जातो. गोठ्यात कोणी बीपी बघत नाही आणि हाताला ती सवय लागत नाही. ही सबब नव्हे, पण घडलं ते असं घडलं.

मोजणी

मांजराचा रक्तदाब मोजणं हे तंत्रापेक्षा धीराचं काम आहे. पुढच्या पायाला पट्टा बांधायचा. त्याची रुंदी पायाच्या घेराच्या 30 ते 40 टक्के हवी. अरुंद पट्ट्याने आकडा फुगतो, रुंद पट्ट्याने पडतो. मनीला अडीच सेंटीमीटरचा लागला. पंजाच्या खालच्या बाजूचे केस स्पिरिटने ओले करून, जेल लावून डॉपलरचा (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) खडा रोहिणीवर टेकवायचा आणि आवाज आपल्या कानाच्या हेडफोनात घ्यायचा. स्पीकर चालू ठेवला तर ती सूं-सूं ऐकूनच मांजर बिथरतं. पहिला आकडा टाकून द्यायचा, मग पाच-सात आकडे एकमेकांशी जुळले की सरासरी.

पण दवाखान्याबाहेर त्या संध्याकाळी वरात चालली होती आणि आत एक लॅब्रडॉर भुंकत होता. आलेला आकडा 230. भीतीनेच मांजराचा दाब बराच वर जाऊ शकतो, म्हणून त्या आकड्यावर गोळी सुरू करायला मन धजेना. दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मशीन घेऊन सरांच्या घरी गेलो. दहा मिनिटं फरशीवर नुसता बसलो. मनी काकूंच्या मांडीवर, काकूंचा पदर तिच्या डोक्यावर. सहा आकडे: 218, 214, 216, 212, 216, 214. सरासरी 215. जगभरचे पशुवैद्य जे वर्गीकरण वापरतात त्यात 140 च्या खाली ठीक, 160 ला उच्च रक्तदाब सुरू आणि 180 पासून पुढे तीव्र: डोळे, मेंदू, मूत्रपिंडं आणि हृदय या चौघांनाही मोठा धोका.

रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, 3.1, लघवी पाण्यासारखी पातळ, विशिष्ट गुरुत्व 1.016. म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. थायरॉइड व्यवस्थित. उतारवयातल्या मांजरांत उच्च रक्तदाबामागे ही दोनच कारणं जास्त आढळतात. माणसासारखा कारणाशिवायचा दाब मांजरांत तुलनेने कमी.

हृदयाची सोनोग्राफी नाशिकला झाली. तिथल्या सहकाऱ्याला मी फोनवर म्हटलं, "जाड हृदयाचा आजार वाटतो, जन्मजात असेल." तो म्हणाला, "बीपी किती?" मी आकडा सांगितला. "मग जन्मजात म्हणू नकोस अजून." मांजरांत निलयाची भिंत स्वतःच्या जनुकीय दोषाने जाड होण्याचा आजार इतका आढळतो की जाड भिंत दिसली की तेच नाव तोंडात येतं. पण ते नाव देण्याआधी रक्तदाब आणि थायरॉइड ही दोन्ही कारणं खोडावी लागतात. कारण कोणतंही असो, सोनोग्राफीच्या पडद्यावर सगळ्या भिंती सारख्याच जाड दिसतात. मनीची दोन निलयांमधली भिंत 6.8 मिलिमीटर निघाली, डाव्या निलयाची बाहेरची 6.4. मांजरात सहाच्या पुढे गेलं की जाड धरतात. डावं अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, किंचित मोठं. आकुंचन उत्तम.

सरांचा प्रश्न

सर निवृत्त शिक्षक. तीस वर्षं हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलं. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली: "आकुंचन उत्तम म्हणता, भिंतही जाड म्हणता. मग हृदय बळकट झालं ना? पैलवानाचा दंड जाड होतो तसं?" दुसरी: "जाड झालं म्हणजे पेशींची संख्या वाढली, का आकार?"

दुसऱ्या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर मी लगेच दिलं: आकार. सस्तन प्राण्यांच्या हृदयस्नायूच्या पेशी जन्मानंतर थोड्याच काळात विभाजन जवळजवळ थांबवतात. माणसांत हे फार हुशारीने मोजलं गेलं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-14 पेशींच्या डीएनएत किती सापडतो यावरून 2009 मध्ये स्वीडनच्या एका गटाने दाखवलं की पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का हृदयपेशी नव्या होतात आणि म्हातारपणी अर्ध्या टक्क्याहून कमी. तेवढ्या भरवशावर दाब सोसता येत नाही. म्हणून आहे त्याच पेशी फुगतात.

कशा फुगतात हे कळलं की पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

निलयाच्या भिंतीवर पडणारा ताण तीन गोष्टींवर ठरतो: आतला दाब, पोकळीची त्रिज्या आणि भिंतीची जाडी. दाब आणि त्रिज्या वाढली की ताण वाढतो, जाडी वाढली की कमी होतो. दाब दीडपट झाला आणि पोकळी तेवढीच राहिली तर भिंतही दीडपट जाड करून ताण पूर्वपदावर येतो. हृदय नेमकं हेच करतं. पेशीच्या आत आकुंचन पावणारे लहान घटक असतात, सार्कोमिअर, प्रत्येकी साधारण 2 मायक्रॉन लांबीचे, एकापुढे एक जोडलेले. दाबाचा भार आला की नवे सार्कोमिअर जुन्यांच्या शेजारी, समांतर रचले जातात. दोरात पदर वाढवावेत तसे: लांबी तीच, जाडी जास्त. पेशी रुंद होते.

याच्या उलट, भार दाबाचा नसून रक्ताच्या आकारमानाचा असेल, उदाहरणार्थ झडप गळकी असेल, तर सार्कोमिअर टोकाला जोडले जातात. दोर लांब होतो, पोकळी फुगते. मांजरांत फुगलेल्या, ढिल्या हृदयाचं आणखी एक कारण आमच्याकडच्या शाकाहारी घरांत लक्षात ठेवावं असं आहे. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराला मांसातूनच पुरेसं मिळतं. ते कमी पडलं की स्नायू दुबळा होऊन हृदय पसरतं, हे 1987 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. दूध आणि कळण्याची भाकरी यावरच मांजर जगवायचं म्हटलं तर ते हृदय असं जाऊ शकतं. मनीला मुलगी पुण्याहून मांजराच्या खाण्याची पाकिटं पाठवत होती, वर शेजारणीकडून माशाची डोकी मिळत होती. तो प्रश्न नव्हता.

दाब वाढला हे पेशीला कळतं कुठून? पेशीचं आवरण ताणलं गेल्याचा संदेश आत पोचतो. शिवाय थकलेल्या मूत्रपिंडांमुळे रक्तात अँजिओटेन्सिन हे दाब चढवणारं संप्रेरक वाढतं, ते पेशीवरच्या खास ग्राहकांना चिकटतं. कॅल्शियमवर चालणारं कॅल्सिन्युरिन नावाचं एक विकर आहे. ते केंद्रकात निरोप धाडतं आणि नवी प्रथिनं बनवायची जनुकं चालू होतात. 1998 मध्ये हा मार्ग उंदरांत दाखवला गेला. गंमत म्हणजे चालू होणाऱ्या जनुकांत काही अशी असतात जी गर्भावस्थेत काम करून नंतर गप्प बसलेली असतात. उंदरात तर जलद मायोसिनच्या जागी मंद, कमी ऊर्जा खाणारं मायोसिन येतं. तेरा वर्षांची पेशी बाळपणाची वही काढून बसते.

आता पैलवानाचा दंड. व्यायामाने वाढलेल्या हृदयात पेशींबरोबर केशिकाही वाढतात आणि मधून विश्रांती मिळते. दाबाच्या हृदयाला विश्रांती नसते. मनीचं हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके देत होतं आणि प्रत्येक ठोका 215 विरुद्ध. पेशी रुंद होते, पण शेजारची केशिका तेवढीच राहते. प्राणवायूला केशिकेपासून पेशीच्या गाभ्यापर्यंत जायचं अंतर वाढतं, आणि तिथे पेशीच्या आकारमानाचा सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांनी भरलेला असतो, सगळ्या प्राणवायूच्या भुकेल्या. काही पेशी मरतात. त्यांच्या जागी दुसरी पेशी येत नाही, कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा धागा येतो. मेलेल्या पेशी नसल्या तरीही अँजिओटेन्सिनच्या इशाऱ्यावर मधल्या तंतुजनक पेशी कोलॅजन विणत राहतात. भिंत ताठर होते.

आणि एक बारीक गोष्ट जी पैलवानाच्या उपमेत बसतच नाही. आकुंचन म्हणजे पेशीतल्या कोठडीतून कॅल्शियम बाहेर येणं, शिथिल होणं म्हणजे ते पुन्हा कोठडीत ओढून घेणं. ओढून घ्यायला पंप लागतात, पंपांना ऊर्जा लागते. दाबाने सुजलेल्या पेशीत हे पंप पेशीच्या आकाराच्या मानाने अपुरे पडतात. म्हणजे हृदय आवळतं झकास, सैल होताना कुचराई करतं. सोनोग्राफीत "आकुंचन उत्तम" लिहिलेलं असतं आणि आजार सैल होण्यात लपलेला असतो. डिसेंबर 2021 चा तो तिसरा आवाज याच सैल न होण्याचा होता.

सर ऐकून म्हणाले, "म्हणजे मुठीत बळ आहे, मूठ उघडत नाही." मी ते केसपेपरावर लिहून घेतलं.

उपचार, आणि एक जुना प्रयोग

अम्लोडिपिन, अडीच मिलिग्रॅमची अर्धी गोळी, रोज संध्याकाळी लोण्यात घोळून. ही माणसांचीच गोळी, कोणत्याही मेडिकलवर मिळते. आठवड्याने 168, पंधरा दिवसांनी 152. डाव्या डोळ्यातला पडदा पुन्हा बसला, मनीला उजेड-अंधार कळू लागला. उजवा गेलाच. काकूंनी घरातली एकही खुर्ची वर्षभर जागची हलवली नाही.

आठ महिन्यांनी, नोव्हेंबरात, पुन्हा नाशिक. मधली भिंत 6.8 वरून 6.3. सर थोडे नाराज झाले. "दाब तर उतरला. मग भिंत पूर्ण का नाही उतरली?"

याचं उत्तर उंदरांत सापडतं. 1963 मध्ये जपानमधल्या क्योटोत ओकामोटो आणि आओकी यांनी पिढ्यानपिढ्या निवड करून उंदरांची अशी जात काढली जिचा रक्तदाब आपोआप चढतो. सहा-सात आठवड्यांच्या वयात चढायला लागतो, प्रौढपणी 180-200 पर्यंत जातो आणि दीड-दोन वर्षांची झाल्यावर त्यातल्या बऱ्याच उंदरांची हृदयं थकतात. त्याआधी, 1934 मध्ये, क्लीव्हलँडला हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या रोहिणीवर चांदीचा चिमटा लावून ती आवळली आणि दाब चढवून दाखवला होता. मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचं नातं तिथपासून पक्कं झालं. पण सरांच्या प्रश्नाला लागू पडणारा प्रयोग 1974 चा, त्याच शहरातला, सुभा सेन आणि सहकाऱ्यांचा. दाबवाल्या उंदरांना त्यांनी दोन वेगवेगळी औषधं दिली. चेतातंतूंना शांत करणाऱ्या मेथिलडोपाने हृदयाची जाडी उतरली. नुसत्या रोहिण्या सैल करणाऱ्या हायड्रॅलाझिनने दाब छान उतरला, हृदय मात्र जाडच राहिलं. म्हणजे पेशी नुसता दाब वाचत नाही, रक्तात फिरणाऱ्या संप्रेरकांची आणि चेतातंतूंची भाषाही वाचते. नुसत्या रोहिण्या सैल केल्या तर शरीर घाबरून तीच संप्रेरकं आणखी सोडू शकतं. अम्लोडिपिन रोहिण्या सैल करतं. कोलॅजनला ते थेट हात लावत नाही.

टेल्मिसार्टन, जे अँजिओटेन्सिनचा ग्राहकच अडवतं, जोडावं असं मला वाटलं होतं. तोवर क्रिएटिनिन 3.9 झालं होतं आणि मनी खाण्यात चुकारपणा करू लागली होती. दोन्ही औषधांनी दाब फार पडला तर उरलेली मूत्रपिंडंही जातील म्हणून थांबलो. आजही तो निर्णय चूक वाटत नाही. बरोबर होता असंही छातीठोक म्हणवत नाही.

मे 2024

जळगाव-भुसावळचा मे महिना बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पारा 45 च्या घरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, फरशीसुद्धा तापलेली. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाणी कमी पडणं म्हणजे संकटच. मनी दोन दिवस जेवली नाही, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. मी शिरेतून सलाईन लावलं. हळू लावलं, हिशोब करून लावलं.

मूत्रपिंडांना पाणी हवं होतं, ते त्यांना मिळालं. हृदयाला ते नको होतं. ताठर निलयात जास्तीचं रक्त मावत नाही, दाब मागे अलिंदात जातो, तिथून फुप्फुसांत. दुसऱ्या रात्री झोपेतला श्वास मिनिटाला 58 झाला; तिशीच्या आत असायला हवा. सलाईन बंद, जास्तीचं पाणी लघवीतून काढणारं फ्युरोसेमाइड, ऑक्सिजन. पहाटे पाचला ती गेली. याच रुग्णाला आज सलाईन देताना मी दर तासाला श्वास मोजेन आणि चाळिशीला थांबेन.

सरांनीच विचारलं, "आत बघता येईल का?" काकू म्हणाल्या, "बघा, पन मंग तिले नीट शिवून द्या." तसं केलं. पेरूच्या झाडाखाली पुरली.

चोवीस ग्रॅम

फुप्फुसं जड, कापल्यावर गुलाबी फेस. मूत्रपिंडं लहान, खडबडीत, आवरण सुटेना. हृदय 24 ग्रॅम; मांजराचं साधारण वीसच्या आत असतं, आणि ही तर 3.2 किलोची हडकलेली मांजर. मधोमध आडवं कापलं. डाव्या निलयाची पोकळी म्हणजे नुसती चीर, त्यात चिंचोका बसला नसता. भिंत आठ मिलिमीटर भरली. पण मेल्यानंतर स्नायू आवळून बसतो, त्यामुळे भिंत आहे त्याहून जाड दिसते. शवविच्छेदनात जाडीपेक्षा वजनावर विश्वास ठेवावा.

तुकडे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, दहापट फॉर्मालिनमध्ये. त्याच सुमारास रस्त्यावर गाडीखाली आलेलं चार वर्षांचं एक निरोगी मांजर माझ्याकडे पोचेपर्यंत मेलं होतं: वजन 3.6 किलो, हृदय 15 ग्रॅम. त्याचाही तुकडा घेतला आणि दोन्ही मुंबईला पाठवले. तीन आठवड्यांनी काचपट्ट्या परत आल्या.

त्या सरांच्या जुन्या शाळेतल्या प्रयोगशाळेत बघितल्या. सुट्टीचा दिवस, शिपायाने कुलूप काढून दिलं, लाइट नव्हती म्हणून खिडकीत आरसा फिरवून उजेड घेतला. आधी निरोगी मांजर. गुलाबी पट्टे एकाला एक लागून, मध्ये लांबट जांभळी केंद्रकं, शेतात सऱ्या पाडाव्यात तशी शिस्त. मग मनी. पट्टे रुंद. केंद्रकं फुगलेली, टोकं बोथट, आगपेटीसारखी चौकोनी. पट्ट्यांमध्ये जागोजाग फिकट गुलाबी गवत. तीच काचपट्टी दुसऱ्या रंगात रंगवलेली होती, तिथे हे गवत निळंशार दिसत होतं: कोलॅजन. बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड, आतली वाट अरुंद. पण पट्ट्यांची दिशा ढळलेली नव्हती. जन्मजात जाड हृदयात पुष्कळदा पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींना छेदत जातात. इथे सऱ्या सरळच होत्या, फक्त रुंद झालेल्या. नाशिकच्या मित्राचा "अजून नको म्हणूस" हा शब्द खरा ठरला.

सरांनी नेत्रिकेत मोजपट्टी बसवली. चारशे पटीला एक भाग अडीच मायक्रॉन. जिथे केंद्रक दिसतं अशाच पेशीची रुंदी मोजायची, नाहीतर पेशी कुठे कापली गेली यावर आकडा बदलतो. हा नियम त्यांनीच घालून घेतला. मी लिहीत होतो. प्रत्येकी पन्नास पेशी. दोन तास गेले. निरोगी मांजर: सरासरी 14 मायक्रॉन. मनी: 17.5.

"साडेतीन मायक्रॉन," मी म्हटलं. थोडं हिरमुसूनच. एवढ्या मोठ्या आजाराचा एवढासा फरक.

सरांनी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. सव्वापट. मग वर्ग केला, कारण पेशी सगळ्या बाजूंनी रुंद होते. लांबी तीच धरली तर आकारमान जवळपास 1.56 पट. मग 24 भागिले 15. 1.6.

दोघंही जरा वेळ गप्प बसलो. हृदयाचं वजन जेवढं वाढलं त्याचा जवळजवळ सगळा हिशोब पेशींच्या रुंदीत मिळाला होता. संख्या का आकार, या प्रश्नाचं उत्तर वर्षापूर्वी मी पुस्तकातून दिलं होतं. सरांनी ते मोजून घेतलं. दोन मांजरांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे त्यांनीच मला सुनावलं. वजनात कोलॅजन आहे, उजवी बाजू आहे, मेलेल्या पेशींची वजाबाकी आहे, फॉर्मालिनने दोन्ही आकसलेत. एवढ्या भानगडींतून आकडा इतका जवळ यावा यात थोडा योगायोगही असणार. तरी ते पान त्यांनी फाडून मला दिलं, ते केसपेपराला टाचलेलं आहे.

कुलूप लावताना त्यांना जिराफ आठवला. शिक्षकाचं डोकं. "त्याच्या हृदयापाशी तर दाब आपल्या दुप्पट असतो. त्याच्या पेशी का नाही सडत?" जिराफाचंही डावं निलय जाड भिंतीचं आणि लहान पोकळीचंच असतं, पिल्लाची मान लांबत जाते तशी भिंत जाड होत जाते. पण कोलॅजनचं गवत माजत नाही. 2021 मध्ये जिराफाच्या एका जनुकाचं रूप उंदरांत घालून बघितलं गेलं. त्या उंदरांना अँजिओटेन्सिन दिलं तरी दाब फारसा चढला नाही, हृदय आणि मूत्रपिंडंही बरीचशी वाचली. दाब आणि नासाडी ही जोडी अटळ नाही, एवढं त्यातून दिसतं. मांजराच्या वाट्याला ते जनुक आलेलं नाही.

परतताना गाडीत त्यांनी शेवटचं विचारलं. "मनीचं आधी काय बिघडलं? मूत्रपिंडं बिघडली म्हणून दाब चढला, का दाब चढला म्हणून मूत्रपिंडं बिघडली?"

काचपट्टीवर दोन्ही एकदमच दिसतं. जाड झालेल्या रोहिण्या, मूत्रपिंडातल्या करपलेल्या गाळण्या, मध्ये धागे. कोणी कोणाला ओढत नेलं हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. ते कळायला तारखा लागतात: अमुक महिन्यात क्रिएटिनिन ठीक होतं आणि दाब वर होता, किंवा उलट. मी दवाखान्यात येऊन जुना केसपेपर काढला. डिसेंबर 2021. वजन 4.1. तापमान 101.4. ठोके 204, तिसरा आवाज. दात: वरचे दोन काढले. दातांसाठी भूल द्यायची म्हणून क्रिएटिनिन तपासलेलं होतं: 1.5.

त्याच्या खालचा रकाना रक्तदाबाचा. तिथे मी आडवी रेघ मारली होती.